कच्च्या नोंदींची रांग

२ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! सामान म्हणजे दोन बॅगा, हत्यारांची पेटी आणि माझी लाडकी उशी. स्टेशनवर धाकटी आणि मेहुणे दोघंही घ्यायला आले होते. धाकटीला सातवा लागलाय, तरी माझी बॅग ओढायला धावली. मी ओरडले, तर म्हणते कशी, ताई, आल्या आल्या तुझं सुरू झालं का. मेहुणे आमच्या मध्ये पडले नाहीत. शहाणा माणूस आहे.

नोकरी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात. इथला सगळा कागद आता मशीनवर गेलाय आणि ते मशीन सांभाळायला त्यांना माणूस हवा होता. मला बाळंतपणात धाकटीजवळ राहायचं होतं. दोघांची सोय झाली. राहायला आवारातच, स्टाफच्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली मिळाली आहे. लोखंडी पलंग, फुगलेल्या लाकडाची खिडकी आणि नळाला चक्क दिवसभर पाणी. खिडकीतून समोर प्रसूती विभाग दिसतो, म्हणून ती बंद होत नसली तरी मी तिला माफ केलं.

एक गोष्ट लगेच जाणवली आणि आवडली. इथे कोणी रडत नाही. आजवर मी पाहिलेल्या प्रत्येक हॉस्पिटलात जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभं असलेलं कोणीतरी असतंच. इथे सगळे शांत, हसतमुख, फरशी लख्ख. दिवसभर मशीनशी डोकं लावून मेंदूचा भुगा होतो, म्हणून रोज संध्याकाळी पानभर लिहायचं ठरवलं आहे. बघू किती दिवस टिकतंय.

४ मार्च, बुधवार

आज साहेबांनी मशीन दाखवलं. ते प्रत्येक वाक्यात एकदा तरी ‘सावकाश’ म्हणतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव सावकाश साहेब ठेवलं आहे. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, आवाज असा की मांजरसुद्धा दचकणार नाही.

मशीन कसं चालतं ते मला शिकवायची गरज नव्हती, पण पहिलाच आठवडा, म्हणून गुमान ऐकून घेतलं. नर्सने नोंद केली की ती आधी मेमरीत जाते आणि पडद्यावर हिरवी टिक येते, ‘जतन झाले’. खरं तर डिस्कवर तेव्हा काहीच लिहिलेलं नसतं. ती नोंद अजून कच्ची असते. मशीन अशा कच्च्या नोंदींची रांग करतं, डिस्कवर कुणाची जागा कुठे ते बघून क्रम लावतं आणि मग एकाच फेरीत सगळ्या उतरवतं. लिफ्ट कशी एकेकासाठी वर-खाली करत नाही, वर जाताना वाटेतल्या सगळ्यांना घेते, तसंच. वेळ वाचतो, डिस्क कमी झिजते. सगळीच मशीनं हे करतात. फक्त ती काही सेकंद थांबतात. सावकाश साहेबांचं मशीन महिनोन्‌महिने थांबतं!

मी विचारलं, वीज गेली तर? त्यांनी बॅटऱ्यांनी भरलेली अख्खी भिंत दाखवली. मग अभिमानाने म्हणाले की थांबण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. माणूस पहिल्यांदा दारात आला, मग तो पेशंट असो नाहीतर नोकर, की त्याची नोंद होते. ती कच्ची असतानाच तो माणूस गेला आणि नोंद रद्द झाली, तर दोन्ही एकमेकींत जिरवायच्या. डिस्कला हात लावायचंच काम नाही. ही छाननी मशीन रोज ऑफिस सुटताना आपलं आपण करतं. भिंतीवर ‘वाचलेले लेखन’ असा तक्ता आहे आणि त्याची रेघ सारखी चढते आहे. टाळता येतं ते लिहायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, एवढं थांबणं बरं नाही, कमी करू. ते म्हणाले, सावकाश. त्यांच्या टेबलावर फोटोची एक रिकामी चौकट आहे आणि बोलता बोलता ती रुमालाने पुसत होते. कुणाचा फोटो लावायचाय विचारलं, तर म्हणाले, चौकट टेबलाबरोबरच आली असावी.

६ मार्च, शुक्रवार

पुरुषांच्या वॉर्डातला मशीनचा पडदा सारखा बंद पडत होता. वायर सैल झाली होती, दोन मिनिटांचं काम. पण खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांनी मला तासभर सोडलं नाही. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. वॉर्डातलं घड्याळ मागे पडतं आणि ते यांना सहन होत नाही. मला म्हणाले, वायरमनबाई, स्टूल धरा, मी चढतो. उशाशी बसलेल्या आजी, म्हणजे त्यांची बायको, कडाडल्या की श्वास धड घेता येत नाही आणि निघाले स्टुलावर चढायला. आजोबांनी मला डोळा मारला.

आजींनी डब्यातलं अर्धं मला खायला लावलं. आजोबांना उद्या घड्याळाचा छोटा स्क्रूड्रायव्हर आणून द्यायचं कबूल केलंय. ते खाली बसून सांगणार आणि मी स्टुलावर चढणार, असा तह झाला आहे.

७ मार्च, शनिवार

स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले, तर आजोबांना सकाळीच आत हलवलेलं. दम फार वाढला म्हणे. आजी बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याजवळ थोडा वेळ बसले. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. सोमवारी सगळ्यात आधी तिकडेच जाईन.

९ मार्च, सोमवार

दिवस मजेत गेला. केबलींचा गुंता सोडवला, प्रत्येकीला चिठ्ठी लावली. दुपारी धाकटी तपासणीला आली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं ठीक आहे. मेहुण्यांनी बाळाच्या नावांची यादी केली आहे. एकेक नाव असं की पोर मोठं होऊन बापाला कोर्टात खेचेल. धाकटी हसून हसून बाकावर आडवी झाली.

एप्रनच्या खिशात घड्याळाचा छोटा स्क्रूड्रायव्हर सापडला. कशाला घेऊन फिरत होते कोण जाणे.

११ मार्च, बुधवार

जसं आहे तसं लिहिणार आहे.

पगाराची तारीख कुठे लिहिली ते बघायला ही वही मागे चाळली. ६ तारखेला एका आजोबांबद्दल लिहिलं आहे. घड्याळवाले, खिडकीजवळची खाट. अक्षर माझं, पेन माझं. मला हा माणूस आठवत नाही. जरासुद्धा नाही. डब्यातलं अर्धं मी खाल्लं म्हणे. काय खाल्लं? तेही आठवत नाही.

तडक वॉर्डात गेले. खिडकीजवळची खाट रिकामी. हेडनर्सबाईंना विचारलं. चांगली धडधाकट, आवाजाने वॉर्ड गाजवणारी बाई, पण या प्रश्नावर तिचा चेहरा कोरा झाला. म्हणाली, ती खाट रिकामीच असते. आणि बाहेर बाकावर एक म्हातारी, मांडीवर डबा. कोणाला भेटायला आलात विचारलं, तर ओशाळून हसली. म्हणाली, काय गं पोरी, सकाळी उठते, दोघांपुरतं करते, डबा भरते आणि इथे येऊन बसते. मी तर एकटी राहते. कशाला येते तेच कळत नाही. वय झालं म्हणायचं.

मग मशीनकडे गेले. शनिवारच्या छाननीत दोन नोंदी एकमेकींत जिरल्या आहेत. कुणाच्या, ते मशीन सांगत नाही. लिहिलंच नाही तर सांगणार काय? तक्त्यावरची रेघ मात्र तेवढी वर गेली आहे.

योगायोग असेल. पण मी अशी सहजासहजी ऐकणारी नाही. उद्या बघतेच.

१२ मार्च, गुरुवार

ठरवून लिहिते आहे. आज सकाळी कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडून एक कुंडी घेतली. लाल मातीची, काठाला टवका उडालेली, रोपाला तीन पानं. मशीनच्या खोलीत खिडकीत ठेवली. सामानाच्या यादीत तिची नोंद केली, हिरवी टिक आली. दुपारी ती नोंद स्वतः रद्द केली. रोपाला पाणी घातलं. आता ऑफिस सुटायची वेळ झाली.

१३ मार्च, शुक्रवार

वर लिहिलंय कुंडी. कुठली कुंडी?

खिडकीत कुंडी नाही. पण तिथे ओल्या मातीचा एक गोल आहे आणि माझ्या नखांत लाल माती आहे. रोपवाला म्हणाला, तुम्हाला कालच काय, कधीच पाहिलं नाही.

 राग आला, भयंकर राग. म्हणजे इथे जे डिस्कवर उतरत नाही ते घडतच नाही. म्हणून इथे कोणी रडत नाही. रडायचं कुणासाठी ते उरतच नाही ना! वहीचं बरं आहे. कागदावर पेन टेकलं की टेकलं, तिथे थांबून राहायची सोय नाही.

१४ मार्च, शनिवार

धाकटी बाळंत झाली. फार लवकर. मुलगी.

सकाळी मेहुण्यांचा फोन आला तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हतं. मी अनवाणीच आवार ओलांडून धावले. बाळ माझ्या मुठीपेक्षा जरासं मोठं असेल. काचेच्या पेटीत ठेवलंय, सगळीकडून नळ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं कच्ची आहेत, आठवडाभर काही सांगता येत नाही. तेवढ्यात पोरगी ओरडली. एवढासा जीव आणि आवाज असा तिखट की हेडनर्सबाईसुद्धा दचकल्या. मी म्हटलं, ही तर मिरी. तेच नाव पडलं. यादी गेली केराच्या टोपलीत.

आई गेली तेव्हा धाकटी शाळेत पहिलीला होती. तिची वेणी मी घातली, ताप मी काढले, लग्नात रडलेही मीच. आज ती पलंगावर पडून काचेकडे बघत होती आणि माझ्या हातात हात देऊन म्हणाली, ताई, काही होणार नाही ना. मी म्हटलं, होऊ देणार नाही.

मग हेडनर्सबाईंनी नोंद केली. मुलगी, वजन, वेळ. हिरवी टिक. जतन झाले.

म्हणजे मिरीही अजून कच्चीच.

१६ मार्च, सोमवार

साहेबांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठाच्या टेबलावर हात आपटला. सगळी रांग आज, आत्ता डिस्कवर उतरवा म्हटलं. मिरीचं काही बरंवाईट झालं आणि तिची नोंद कच्चीच असली, तर ती कधी जन्मलीच नव्हती असं होईल. तिच्या आईलासुद्धा ती आठवणार नाही.

मला वाटलं होतं, हसतील. वेड्यात काढतील. नाही. ते हळू आवाजात म्हणाले, हो. मग काय वाईट आहे त्यात?

म्हणाले, वाचली तर प्रश्नच नाही, कधीतरी तिची नोंद उतरेल. आणि नाहीच वाचली, तर तुमची बहीण मोकळी. रात्र-रात्र जागणं नाही, रिकाम्या पाळण्याकडे बघणं नाही. हॉस्पिटलातून हसत घरी जाईल. या इमारतीतलं किती दुःख आपण लिहायचं वाचवलं, तक्ता बघा. बोलताना ते चौकट पुसत होते. मी विचारलं, ही कुणाची चौकट आहे, साहेब? तुमचं कोण जिरलं या मशीनमध्ये? त्यांचा रुमाल थांबला.  मग म्हणाले, टेबलाबरोबर आली असावी.

मला त्यांची दया आली, पण माघार घेण्याइतकी नाही. निघताना सांगून आले की दुःख आमचं आहे. ठेवायचं की टाकायचं ते आम्ही ठरवू, तुमच्या डिस्कच्या झिजेवरून नाही.

१७ मार्च, मंगळवार

साहेबांना न विचारता मशीनला हुकूम दिला. सगळं उतरव. लगेच उत्तर आलं, ‘पूर्ण’. हिरवी टिक.

एवढ्या लवकर? डिस्कच्या कपाटावर हात ठेवला. थंड. जराही थरथर नाही. डिस्क फिरलेलीच नव्हती.

खालचं पॅनेल उघडल्यावर उलगडा झाला. मेमरीच्या खाली आणखी एक मेमरी बसवली आहे, डिस्कच्या दाराशीच. वरचीने सांगितलं की ती ‘झालं’ म्हणते आणि स्वतः धरून बसते. खोटं वरपासून खालपर्यंत. बॅटरी काढावी म्हणून हात घातला आणि मागे घेतला. वीज तुटली तर रांगेतलं सगळंच जाईल, मिरीसकट.

दुपारी माझे मशीनचे सगळे अधिकार काढून घेतले गेले. आता मला नर्सला दिसतो तेवढाच पडदा दिसतो. नोंद करा, फोटो जोडा, बस्स.

पण एक गोष्ट सावकाश साहेबांना बदलता येत नाही. मेमरीला पोट आहे. कच्चं एका मर्यादेपलीकडे साचलं की कोणतंही मशीन थांबू शकत नाही. त्याला खालचं-वरचं सगळं उतरवावंच लागतं. ती मर्यादा मशीनमध्ये घडवतानाच घातलेली असते.

मग भरू की पोट!

१८ मार्च, बुधवार

मिरीचा श्वास दोनदा थांबला. दोनदा परत आला.

धाकटीला सगळं सांगितलं. वही वाचायला दिली. वाटलं, घाबरेल, मेहुण्यांना हाक मारेल. तिने आजोबांचं पान दोनदा वाचलं. मग म्हणाली, ताई, ती राहिली तर माझी आहे आणि गेली तरी माझीच आहे. माझं पोर कच्चं ठेवू नकोस.

डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या. मी तिला वाढवली आहे, मला ओळखू येतं. ती चिडली होती.

मेहुण्यांनी एकच प्रश्न विचारला, किती फोटो लागतील.

१९ मार्च, गुरुवार

दिवसभर सगळे मिळून मेमरी भरतोय. प्रत्येक नोंदीला हवे तेवढे फोटो जोडता येतात. मेहुण्यांनी मोबाइल रिकामा केला. लग्न, घर, धाकटीचं पोट महिन्यामहिन्याने, गळका नळ, काहीही. मग ते बाहेरच्या बाकांवर गेले. लोकांना काय सांगितलं माहीत नाही, पण लोक रांगेने येऊ लागले. प्रत्येकाकडे त्याच्या माणसाचे फोटो. हेडनर्सबाईंनी आधी नाक मुरडलं. मग दार लोटून घेतलं आणि वॉर्डातला दुसरा पडदा आम्हाला देऊन टाकला. म्हणाल्या, गेले कित्येक दिवस घरी जाताना छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि का ते कळत नाही.

डबेवाल्या आजीही आल्या. त्यांच्या पिशवीत जुना फोटो होता, त्या आणि शेजारी एक माणूस, हातात घड्याळ. कोण ते त्यांना सांगता येईना. म्हणाल्या, पण फेकवत नाही गं. मी आजींची भेटायला आल्याची नोंद केली आणि तो तिला जोडला. खाली लिहिलं, घड्याळवाले आजोबा, वॉर्डातलं घड्याळ मागे पडतं ते यांना सहन होत नाही. आजींनी पदर तोंडाला लावला. इथे आल्यापासून मी पहिल्यांदा कोणाला रडताना पाहिलं.

संध्याकाळी साहेब दारात. आवाज तसाच मऊ. म्हणाले, तुमची स्वतःची नोंद अजून कच्ची आहे, लक्षात आहे ना. कामावर घेतल्याची. उद्या काढून टाकल्याची केली तर छाननीत काय होईल, तुम्हाला वेगळं सांगायला नको. हे थांबवा, मी ती करणार नाही. नोकरीही राहील. सावकाश विचार करा.

विचार केला. सावकाश नाही, तिथल्या तिथे केला. त्यांना सांगितलं, खुशाल करा.

खोलीवर आले. दार लावून बसले आहे. भीती वाटते. खूप वाटते. मरायची नाही — धाकटीच्या आठवणीतून जायची. तिच्या वेण्या कोणी घातल्या असं तिला वाटेल?

वाटू दे काहीही. तिला तिची मुलगी आठवली पाहिजे.

२० मार्च, शुक्रवार

सकाळ. मिरी निळी पडली आहे. डॉक्टरीणबाई पेटीजवळून हलत नाहीत. म्हणाल्या, आजचा दिवस.

आज मशीनच्या खोलीतल्या पडद्यावर पुन्हा भरायला सुरुवात. पडदा हळू चालतोय. चांगलं लक्षण — पोट भरत आलं.

—

दुपार. साहेबांनी कागद हातात दिला. कामावरून कमी केले. मशीनवर नोंदही केली, समोरच. हिरवी टिक. मला नमस्कार करून गेले.

छाननी ऑफिस सुटताना. तोवर वेळ आहे. वही मांडीवर घेऊन बसले आहे, डाव्या हाताने फोटो जोडते, उजव्याने हे.

—

धाकटी आली. टाके ओले असताना, भिंतीला धरून धरून. ओरडले तिला. ऐकेल तर शपथ. पडद्यासमोर बसली. म्हणाली, बाळाबद्दल मी लिहिते. टाइप करतेय — मिरीचा आवाज तिखट आहे. मिरीने माझं बोट धरलं. मिरीच्या कपाळावर —

पडदा अडकला. ‘कृपया थांबा.’ आजवर कधी आलं नव्हतं हे. आता नोंद घेत नाहीये — आधी उतरवावं लागतंय त्याला —

कपाट थरथरलं.

फिरतेय! डिस्क फिरतेय. खरखर. जमिनीतून पायांना कळतंय. दोन्ही मेमऱ्या रिकाम्या होताहेत, वरची, खालची. हेडनर्सबाई धावत आल्या. आजी बाहेर मोठ्याने काहीतरी म्हणताहेत. एक नाव. पुन्हा पुन्हा तेच नाव घेताहेत —

साहेब दारात उभे. थांबवा म्हणत नाहीत. हातात चौकट. ओठ हलताहेत, आवाज नाही.

फेरी एका टोकाकडून निघाली आहे. क्रमाने. प्रसूती विभाग अलीकडे आहे, नोकरांच्या नोंदी पार पलीकडच्या टोकाला. आणि ऑफिसची घंटा —

घंटा झाली. छाननी लागली. उतरवणं आणि जिरवणं एकदमच चाललंय.

—

मिरी उतरली. पाहिलं. पडद्यावर तिच्या नावापुढची कच्चेपणाची खूण गेली. पक्की. आता काहीही होवो, ती झाली. कोणाच्या बापाला आता —

फोन आला आतून. हेडनर्सबाईंनी घेतला. म्हणाल्या, रंग परत येतोय, ओरडतेय —

धाकटी रडते आहे. हसते आहे. माझ्याकडे वळली —

थांबली.

माझ्याकडे बघते आहे तशी अनोळखी बाईकडे बघतात. पदर सारखा केला. म्हणाली, तुम्ही खूप मदत केलीत हो. तुम्ही इथल्याच का?

तुम्ही.

मला तुम्ही म्हणाली.

—

बोटं दिसतात अजून. पेन धरवतंय. लिहिणार. कागद थांबत नाही. साहेब, ऐका, मला पश्चात्ताप नाही. घाबरलेय, पण नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच —

मेहुण्यांनी तिला विचारलं, ही बाई कोण. ती म्हणाली, माहीत नाही, पण वहीत आपल्या मिरीचं नाव लिहिते आहे बघा.

वाकून बघतेय ती. अक्षर ओळखीचं वाटतंय म्हणाली. कुठे पाहिलंय आठवत नाही म्हणाली —

पडदा सुरू झाला परत. नोंदी घेतोय. डिस्क अजून फिरतेय, आत्ता लिहिलेलं थेट उतरेल. तिने बोटं ठेवली. म्हणाली, बाळाच्या नोंदीत नातेवाईकांची एक जागा रिकामी दाखवतंय, तुमचं लिहू का. तुम्ही तिच्या कोण —

लिही. लिही म्हटलं. आवाज फुटतोय का माहीत नाही, म्हणून इथे लिहून तिच्यासमोर धरते आहे — मावशी. मिरीची मावशी. होती नाही. आहे. मावशी आ